वडिलांच्या दुकानाची साखळी करताना: ब्रॅडफर्डच्या केन मॉरिसन यांचं उदाहरण

प्रश्न असा आहे: "तालुक्याच्या गावी आमचं दोन पिढ्यांचं किराणा दुकान आहे. मला त्याचं सुपरमार्केट करून पुढे शाखा काढायच्या आहेत, वडील मात्र दुसऱ्या दुकानाला तयार नाहीत. घरचा किराणा धंदा असा वाढवलेल्या माणसाचं आयुष्य खरोखर कसं असतं? एखादं खरं उदाहरण सविस्तर सांगाल का?"

मी या धंद्यात लहानपणापासून आहे. आधी घरचं किराणा दुकान, मग त्याचंच सेल्फ सर्व्हिस, आणि आता बरीच वर्षं ठिकठिकाणच्या दुकानदारांना खरेदी, मांडणी आणि स्टॉकचा हिशेब बसवून देतो. असा प्रश्न आला की बहुतेक जण डी-मार्टच्या राधाकिशन दमानींचं नाव घेतात. माणूस मोठाच आहे, पण ते शेअर बाजारातून किराण्यात आले. हाताशी भांडवल होतं आणि समोर गल्ल्यावर वडील बसलेले नव्हते. तुमची गोष्ट वेगळी आहे. म्हणून मी इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या केन मॉरिसन यांचं आयुष्य सांगतो. वडिलांच्या बाजारातल्या गाळ्यापासून निघून त्यांनी 'मॉरिसन्स' ही त्या काळची ब्रिटनमधली चौथ्या क्रमांकाची सुपरमार्केट साखळी उभी केली, आणि वृत्तीने शेवटपर्यंत ते दुकानदारच राहिले. त्यांनी जे बरोबर केलं तेही तुमच्या कामाचं आहे आणि जे अंगाशी आलं तेही.

ब्रॅडफर्ड म्हणजे लोकरीच्या गिरण्यांचं शहर, कष्टकऱ्यांचं. तिथल्या रॉसन मार्केटमध्ये विल्यम मॉरिसन यांनी १८९९ मध्ये अंडी आणि लोणी विकायला सुरुवात केली. केन यांचा जन्म १९३१ चा, पाच बहिणींच्या पाठीवरचं शेंडेफळ. नऊ वर्षांचे असताना त्यांच्याकडे काम होतं अंडी तपासण्याचं. अंडं दिव्यासमोर धरायचं. उजेड आरपार गेला की रुंद टोकाकडची हवेची पोकळी दिसते. पोकळी लहान असेल तर अंडं ताजं, वाढलेली असेल तर शिळं. रक्ताचा ठिपका किंवा काळपट डाग दिसला की बाजूला. एक झालं की पुढचं. शाळेतून आलेल्या पोराला हे काम किती कंटाळवाणं वाटलं असेल, याची कल्पना किराणावाल्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही येईल.

पण हेच शिक्षण. आमच्याकडे तूरडाळीचं पोतं उतरलं की वरची मूठ कोणी बघत नसे. पोत्याच्या पोटातून डाळ काढायची, ताटात पसरायची, खडा, फोलपट, किडका दाणा, तुकडा किती ते नजरेने ठरवायचं, दाणा दाताखाली फोडून ओलावा बघायचा. वरच्या थरात चांगला माल कोणीही भरतो. ज्याला हे येतं त्याला आडत्या वेगळा भाव सांगतो आणि ज्याला येत नाही त्याला वेगळा. मार्केट यार्डात हे उघडं गुपित आहे. मॉरिसन यांच्या पुढच्या पन्नास वर्षांचा पाया मला त्या अंड्यांच्या दिव्यात दिसतो: माल आधी स्वतःच्या डोळ्यांनी, मग कागदावर.

लष्करातली सक्तीची सेवा बजावली आणि वडिलांची तब्येत ढासळल्यावर १९५२ मध्ये, जेमतेम एकविशीत, धंदा त्यांच्या अंगावर आला. काळ कसा होता बघा. युद्ध संपून सात वर्षं झाली होती, तरी ब्रिटनमध्ये रेशनिंग चालूच होतं, ते पूर्ण उठलं १९५४ मध्ये. गिऱ्हाईक काउंटरपाशी उभं राहणार, दुकानदार मागच्या फळीवरून माल काढणार, कापणार, तोलणार, बांधणार. आपल्याकडे काल-परवापर्यंत होतं तेच. लंडनच्या बाजूला सेन्सबरी या जुन्या घराण्याने क्रॉयडनचं दुकान १९५० मध्ये सेल्फ सर्व्हिस केलं होतं. मॉरिसन यांनी १९५८ मध्ये ब्रॅडफर्डमधलं पहिलं सेल्फ सर्व्हिस दुकान काढलं. तीन बिलिंग काउंटर, आणि प्रत्येक वस्तूवर किंमत लावलेली.

ही किंमत लावण्याची गोष्ट साधी वाटते, पण तिथेच धंदा बदलतो. किंमत तोंडी असते तोवर दुकान मालकाच्या जिभेवर चालतं. कोणाला किती सांगायचं, कोणाला दोन रुपये सोडायचे, कोणाच्या खात्यावर मांडायचं, हे सगळं एकाच डोक्यात. ते डोकं दुसऱ्या दुकानात नेता येत नाही. किंमत वस्तूवर आली की गल्ल्यावर कोणीही बसू शकतं, आणि मग दुसरं दुकान शक्य होतं. तुमचे वडील अजून तोंडी भावाने आणि वहीतल्या उधारीने विकत असतील तर त्यांचा नकार हा अनुभवाचा नकार आहे. आजच्या पद्धतीने खरंच दुसरं दुकान चालणार नाही, हे त्यांना कळतंय.

सेल्फ सर्व्हिसला वडीलधाऱ्यांचा दुसरा आक्षेप ठरलेला: लोक माल उचलून नेतील. मी जितकी दुकानं आतून पाहिली, तिथे गिऱ्हाइकाच्या पिशवीतून गेलेला माल ही सगळ्यात छोटी गळती होती. मोठी गळती मागच्या दाराने होते. डिस्ट्रिब्युटरची गाडी घाईच्या वेळी येते आणि पोरं न मोजता सही करतात. सुटा माल तोलताना काटा थोडा गिऱ्हाइकाकडे झुकतो. फळीच्या मागे ढकललेल्या बिस्किटांची तारीख उलटते आणि परतीची मुदतही निघून जाते. आरसे आणि कॅमेरे लावण्याआधी माल उतरवून घेण्याची शिस्त लावा.

१९६१ मध्ये त्यांनी ब्रॅडफर्डच्याच गर्लिंग्टन भागातलं बंद पडलेलं 'व्हिक्टोरिया' हे चित्रपटगृह घेऊन तिथे पहिलं सुपरमार्केट काढलं. सुमारे ५,००० चौरस फूट आणि गाड्या लावायला फुकट जागा. टीव्ही आल्यावर तिथली थिएटरं ओस पडत होती. किराणावाल्याच्या नजरेने बघितलं तर थिएटर ही सोन्यासारखी जागा: मधे खांब नसलेला हॉल, उंच छत, आणि पत्ता सांगावा लागत नाही. नव्या बांधकामाची वाट न बघता, वापरातून गेलेली पण लोकांच्या पायाखालची जागा त्यांनी हेरली. तालुक्याच्या गावी आजही बंद पडलेली जिनिंग, जुनं थिएटर, न चालणारं मंगल कार्यालय अशा जागा असतात. मुख्य पेठेतला चढ्या भाड्याचा गाळा घेण्याआधी त्या बघाव्यात.

पुढे १९६४ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये मोठाच बदल झाला. त्याआधी कंपनी ठरवेल त्याच किमतीला माल विकायची सक्ती दुकानदारावर असू शकत होती. किराण्यात ती आधीच ढिली पडली होती, कायद्याने तिचा कणाच मोडला. आता जो स्वस्तात खरेदी करेल तो स्वस्तात विकू शकत होता. आपल्याकडे एमआरपी ही वरची मर्यादा आहे, खाली विकायला मोकळीक आहे. मॉरिसन यांच्यासारख्या माणसाला हेच हवं होतं. गिरणी कामगाराच्या बायकोला आठवड्याच्या पगारात घर चालवायचं होतं आणि चार पैसे वाचतात तिथे ती पुन्हा येणारच. १९६७ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा ८०,००० पेक्षा जास्त लोकांनी शेअरसाठी अर्ज केले. नाव मात्र वडिलांचंच ठेवलं, 'डब्ल्यूएम मॉरिसन', म्हणजे विल्यम.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उदाहरण निवडलं तिच्याकडे येतो. १९६१ मध्ये पहिलं सुपरमार्केट, आणि शंभरावं दुकान १९९९ मध्ये. अडतीस वर्षं! लँकशरमधली व्हेलन नावाची छोटी साखळी १९७८ मध्ये घेतली तेव्हा यॉर्कशरची वेस ओलांडली, आणि लंडनच्या आसपास, एरिथला, पहिलं दुकान निघालं ते १९९८ मध्ये. पैसा नव्हता असं नाही. नफा वर्षामागून वर्ष वाढत होता, तीन दशकांहून जास्त काळ. तरीही ते एका दुकानाला लागून दुसरं, दुसऱ्याला लागून तिसरं असेच सरकत गेले, कारण आपल्या गोदामातली गाडी जिथवर ताजा माल घेऊन वेळेत पोहोचेल तिथवरच दुकान काढायचं. जागाही शक्यतो विकत घ्यायची, भाड्याने नाही. डी-मार्टनेही हेच केलं. पवईला २००२ मध्ये पहिलं दुकान, २०१७ मध्ये शेअर बाजारात येईपर्यंत जेमतेम १३० च्या आसपास, आणि बहुतेक जागा स्वतःच्या. भाडं हा किराण्याचा वैरी आहे. डाळ, साखर, तेलात हाताला लागतं किती? त्यात दरवर्षी वाढणारं भाडं बसत नाही. गावोगाव बंद पडलेल्या 'मार्ट'ची शटर बघा, आत फर्निचर चकाचक असतं आणि करारातलं भाडं दुकानाच्या कुवतीबाहेरचं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. मॉरिसन दुकानांची संख्या वाढवण्याबरोबर मागे सरकत गेले, मालाच्या उगमाकडे. मांस कापण्याचे कारखाने स्वतःचे, भाजी-फळं निवडून पॅक करण्याची केंद्रं स्वतःची, तयार पदार्थांचे कारखाने स्वतःचे. ब्रिटनमधल्या दुसऱ्या कुठल्याही बड्या सुपरमार्केटने इतकं घरात आणलं नव्हतं. दुकानातही खाटीक, मासेवाला, बेकरी असे वेगवेगळे काउंटर ओळीने मांडले आणि त्याला 'मार्केट स्ट्रीट' म्हटलं. म्हणजे रॉसन मार्केटच त्यांनी छताखाली पुन्हा उभं केलं. गिऱ्हाइकासमोर माणूस मासा साफ करून देतोय, पाव समोर भाजला जातोय. डबाबंद माल सगळ्यांकडे सारखाच असतो, तिथे फक्त किंमत लढते. ताजा माल हाताळण्याची अक्कल मात्र विकत मिळत नाही.

तुमच्या पातळीवर याचा अर्थ काय? साबण, बिस्किट, टूथपेस्टवर तुम्ही मोठ्या साखळीशी भावात लढू शकणार नाही. त्यांची खरेदी वेगळ्या दराने होते. तुमची जागा आहे डाळी, तांदूळ, गहू, ज्वारी, गूळ, मसाला, शेंगदाणे, पोहे. एक लहान शेड घ्या, माल साफ करा, प्रत लावा, स्वतःच्या नावाने अर्धा किलो, एक किलो, पाच किलो पॅक करा. त्यासाठी एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा परवाना लागतो, आणि पाकिटावर निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, पॅक करणाऱ्याचा पत्ता हे सगळं नियमाप्रमाणे हवं. वजन-मापांचं सरकारी खातं, म्हणजे वैधमापनवाले, तपासायला येतात तेव्हा सबबी चालत नाहीत. पहिल्या दिवाळीला तुमच्या नावाचा हरभरा डाळीचा पुडा नेलेल्या बाईचं बेसन चांगलं निघालं, लाडू जमले, तर ती पुढच्या वर्षी डाळ नाही, तुमचं नाव मागते. मग दुसऱ्या दुकानाला माल पुरवायची सोय आधीच तयार असते. माझ्या मते दुसऱ्या शाखेच्या आधी ही शेड यायला हवी.

मॉरिसन यांच्या दुकानफेऱ्यांचे किस्से ब्रिटनच्या किराणा धंद्यात खूप सांगितले जातात. त्यातला मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा की दुकानात गेले की ते कचऱ्याचे डबे उघडून बघत. काय फेकलं गेलं? का फेकलं गेलं? जास्त मागवलं, की उशिरा भाव उतरवला, की मुळात आलेलाच माल वाईट होता? विक्रीचा कागद तुम्हाला काय विकलं ते सांगतो, डबा सांगतो तुमचा मॅनेजर काय लपवतोय. मी नव्या दुकानात गेलो की आधी मागची खोली, परतीच्या मालाचा कोपरा आणि कचरा बघतो. पुढची मांडणी सजवता येते. मागची खोली कोणी सजवत नाही.

आता अंगाशी आलेला भाग. २००३ मध्ये सेफवे ही मोठी साखळी विक्रीला निघाली. मॉरिसन यांच्याकडे सव्वाशेच्या आसपास दुकानं, सेफवेकडे ४७९. टेस्को, ॲस्डा, सेन्सबरी सगळे शर्यतीत उतरले. स्पर्धा आयोगाने या बड्यांना नकार दिला आणि काही दुकानं विकण्याच्या अटीवर मॉरिसन्सला वाट मोकळी केली. मार्च २००४ मध्ये सुमारे ३ अब्ज पौंडांना व्यवहार झाला. अडतीस वर्षांत शंभर दुकानं करणाऱ्या माणसाने एका सहीत आपल्या चौपट दुकानं घेतली, तीही दक्षिण इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये, जिथे त्याची गाडी फारशी गेली नव्हती आणि गिऱ्हाइकाची खायची-घ्यायची सवय वेगळी होती. दोन कंपन्यांच्या हिशेबाच्या यंत्रणा जुळेनात. नफा घटण्याचे इशारे एकामागून एक द्यावे लागले. दुकानांच्या पाट्या बदलून होईपर्यंत नोव्हेंबर २००५ उजाडला, आणि त्या वर्षी कंपनीने आपल्या इतिहासातला पहिला तोटा दाखवला, ३१ कोटी पौंडांहून जास्त.

काही जण म्हणतात तो निर्णयच चुकला. मला तसं वाटत नाही. तेव्हा सेफवे दुसऱ्याच्या हाती गेली असती तर मॉरिसन्स उत्तरेतली एक छोटी साखळी म्हणून चेपली गेली असती. चुकली ती तयारी. सगळा धंदा एका माणसाच्या नजरेवर उभा होता, आणि ती नजर सव्वाशे दुकानांना पुरत होती, साडेपाचशेला पुरणं शक्य नव्हतं. संचालक मंडळावर बाहेरचा स्वतंत्र माणूस घ्यायला त्यांचा वर्षानुवर्षं विरोध होता, तो खर्च त्यांना वायफळ वाटे. सेफवेच्या धक्क्यानंतरच अशी माणसं आली. २००६ मध्ये हाइनेकेन या बिअर कंपनीतून मार्क बोलंड यांना मुख्य कार्यकारी म्हणून आणलं, गाडी रुळावर आली, आणि २००८ मध्ये शहात्तराव्या वर्षी केन मॉरिसन निवृत्त झाले. पंचावन्नहून अधिक वर्षं एकाच गादीवर.

निवृत्तीनंतरही मन दुकानातच. नंतरच्या व्यवस्थापनाने छोटी दुकानं काढली, भाज्यांवर गार वाफेचे फवारे सोडणारी यंत्रं बसवली, ऑनलाइनला हात घातला. २०१४ च्या वार्षिक सभेत ८२ वर्षांचे मॉरिसन साधे भागधारक म्हणून उभे राहिले आणि मुख्य कार्यकारी डाल्टन फिलिप्स यांना भर सभेत सुनावलं. ते स्वतः गुरं पाळत, तेव्हा माझ्याकडे हजारभर बैल आहेत पण तुमच्या भाषणात शेण त्याहून जास्त आहे, अशा अर्थाचं काहीसं बोलले (इंग्रजीत 'बैलाचं शेण' म्हणजे थापा). पुढच्या वर्षी फिलिप्स यांना पद सोडावं लागलं, छोटी दुकानंही विकली गेली. १ फेब्रुवारी २०१७ रोजी केन मॉरिसन वारले. २०२१ मध्ये क्लेटन, डुबिलियर अँड राइस या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने सुमारे ७ अब्ज पौंडांना मॉरिसन्स विकत घेतली. घराण्याचा वाटा त्याआधीच खूप कमी झाला होता. १८९९ च्या गाळ्यापासून सुरू झालेला घरचा धंदा अशा रीतीने घराबाहेर गेला.

आयुष्य कसं असतं, असं तुम्ही विचारलंत. असं असतं. सुट्टी नसते, सणाला तर नसतेच. आपल्याकडे दिवाळीच्या आधीच्या दिवसांत घरातलं कोणीही वेळेवर जेवत नाही. धंद्याचं सुख असं की गावातलं प्रत्येक घर काय खातं ते तुम्हाला माहीत असतं. कोणाकडे लग्न निघालंय, कोणाकडे यंदा हात आखडलाय, हे यादीवरून कळतं. दुसरं दुकान काढलं की तिथल्या गिऱ्हाइकाबद्दल ही माहिती तुम्हाला नसते. ती मिळवून देणारा माणूस तिथे बसवावा लागतो आणि त्याला चांगला पगार द्यावा लागतो. बहुतेक घरचे धंदे इथे हात आखडतात, आणि मेहुण्याला किंवा चुलतभावाला बसवतात. नात्यातला माणूस लायक असेल तर जरूर बसवा, पण त्याचा स्टॉकही तिऱ्हाइताइतक्याच काटेकोरपणे मोजा. मोजणीवरून फुटलेली घरं मी पाहिली आहेत, आणि न मोजल्यामुळे फुटलेली त्याहून जास्त.

वडिलांबद्दल. त्यांना शाखेचा प्रस्ताव देऊ नका. आधी आहे त्याच दुकानात प्रत्येक वस्तूवर किंमत आणा, बारकोडचं बिलिंग बसवा, उधारी नवी देणं बंद करून जुनी हप्त्याने वसूल करा. एक वर्ष दर महिन्याला स्टॉक मोजा. कागदावरचा आणि फळीवरचा फरक कमी होत जातो का ते त्यांनाच दाखवा. डाळीच्या शेडवर खरेदी त्यांच्या हातात द्या, कारण पोत्यातली डाळ ओळखणारा त्यांच्यासारखा माणूस तुम्हाला पगारावर मिळणार नाही. आणि तुम्ही सलग पंधरा दिवस दुकानात पाऊल न टाकता ते दुकान नीट चाललं, तर जागा बघायला जा. पहिली जागा अशी निवडा की तुमची मालाची गाडी सकाळी तिथे माल उतरवून दुपारच्या जेवणाला घरी परत येईल. जागा बघायला जाताना वडिलांना पुढच्या सीटवर बसवा. रस्त्याच्या कुठल्या बाजूला गिऱ्हाईक चालतं आणि कुठल्या बाजूला नुसती वाहतूक असते, हे ते गाडीतून उतरण्याआधीच सांगतील.